बोलकी आणि निळा बॅरल

शालन चौगलेला मोराळेवाडीत कुणी कसला अधिकार दिला नव्हता. तिने तो चहा पिऊन मिळवला होता.

वाडीत आठ घरांची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. कासारी नदीच्या वरच्या अंगाला ही आठ रानं एकाला एक लागून होती आणि पावसाळ्यात सगळीकडे भुईमूगच असायचा. तो काढायला आला की प्रश्न एकच, आधी कुणाचा? यावरून पूर्वी फक्त डोकी फुटायची बाकी राहायची. मग एका वर्षी शालनने पदर खोचला आणि स्वतःच आठही रानांतून हिंडून आली. प्रत्येक रानात एक वेल उपटायचा, शेंग फोडायची, टरफल आतून काळपट झालंय का, म्हणजे दाणा भरलाय का, बघायचं, आणि मग त्या घरी बसून चहा प्यायचा. आठवा चहा झाला की ती निकाल सांगायची. वाडी तो निकाल मानायची आणि शालनला पुढे दोन दिवस पित्ताचा त्रास व्हायचा.

त्यामुळे यापुढे वेल उपटायची गरजच उरणार नाही, असं जेव्हा तिच्या लेकीने, प्रणोतीने, सांगितलं, तेव्हा शालनला लेकीचं कौतुक वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

प्रणोती भुईमुगाच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. भुईमूग हे तसं आतल्या गाठीचं पीक. फूल वर उजेडात लागतं, पण फळधारणा झाली की फुलाच्या बुडातून एक बारीक दांडी निघते. तिला आरी म्हणतात. ही आरी खाली वाकते, मातीत घुसते, आणि अंधार मिळाल्यावरच तिचं टोक फुगून शेंग होते. वर पाला हिरवागार, खाली काय चाललंय याचा कुणाला पत्ता नाही. लवकर उपटलं तर दाणे सुरकुतलेले निघतात. उशीर केला तर देठ कुजून शेंगा मातीतच राहतात, आणि वरून पाऊस पडला तर तिथेच त्यांना मोड येतात.

प्रणोतीच्या गटाने यावर तोड काढली होती. दाणा भरत आला की तो टरफलाला आतून रेटतो. टरफलाच्या पेशींना हा रेटा कळतो. झाडाला स्पर्श कळतो हे लाजाळूला बोट लावून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. रेटा कळला की पेशींतलं एक जनुक जागं होतं. या जनुकाला त्यांनी एक निरोप्या जोडून दिला. निरोप्या म्हणजे एक छोटंसं प्रथिन. ते देठातून वर चढतं, शेंड्याच्या पानांत पोचतं आणि तिथे बिटाचा लाल रंग तयार करायला लावतं. चारदोन शेंगा भरल्या तर रंग दिसण्याइतका निरोप पोचत नाही. बहुतेक शेंगा भरल्या की शेंडा लालभडक होतो. म्हणजे खालच्या शेंगांची खबर वरचं पान देणार. केंद्राने या वाणाला अक्षरं आणि आकडे जोडून लांबलचक नाव दिलं होतं. वाडीने ते एकदा ऐकलं आणि त्याच दिवशी त्याचं नाव ‘बोलकी’ पडलं.

"आई, तू शब्द टाकलास तरच ही माणसं पेरतील," प्रणोती म्हणाली होती.

"आणि तुजी बोलकी ऐनवेळी गप बसली म्हंजे?"

"मग मला शिव्या घाल."

"तुला कशाला? माज्या नावानं शंख करतील की सगळी."

पण लेकीची सात-आठ वर्षांची मेहनत होती. शालनने शब्द टाकला. मृगातच आठही घरांनी रुंद गादीवाफे करून बोलकी पेरली, बियाण्याला जिवाणू खत चोळलं, आऱ्या सुटताना जिप्सम टाकायचं कबूल केलं. अट एकच होती. बाहेरचं जनुक घातलेलं पीक म्हणून त्याच्यावर जैवसुरक्षा समितीची नजर होती. बोलकी ठरल्याबाहेर वागली तर उभं पीक उपटून जाळायचं, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मान्य करताना कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, कारण नेमकी तेव्हाच भजी आली होती.

पीक जोमात आलं. फुलं लागली, आऱ्या सुटल्या, आणि वाडीचा निळा बॅरल बाहेर निघाला.

हा बॅरल सावडीचा. पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा पिंप, रिकामा, दोन्ही टोकांना दोरी बांधलेली. आऱ्या सुटल्या की तो पिकावरून गडगडत न्यायचा. झाडं वाकतात, ज्या आऱ्या हवेत लोंबकळत असतात त्या मातीला टेकतात, आणि शेंगा वाढतात. आजोबांच्या वेळी पत्र्याचा होता, आता प्लॅस्टिकचा, एवढाच काय तो फरक. पेरणी आपोआप चालणाऱ्या ट्रॅक्टरने होत होती, फवारणीला ड्रोन येत होता, पण बॅरल अजून माणूसच ओढायचा.

बॅरलचा क्रमही दरवर्षी शालन घरोघरी जाऊन लावायची. यंदा मात्र तिला वाटलं, सगळंच पान सांगणार असेल तर आपण कशाला पाय झिजवायचे? खरं सांगायचं तर ती जरा रुसलीच होती. तिने मोबाइलवरच्या ‘शेतसखा’ला क्रम लावायला सांगितला. त्याने जमिनीचा ओलावा आणि रानांचा नकाशा बघून झटक्यात क्रम लावला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकून दिला. शेवटचं नाव केरबा चौगलेचं होतं.

केरबा शालनचा चुलतदीर. माणूस कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याने ग्रुपवर लिहिलं, "मला बॅरल नको. तुमचं चालू द्या." आणि खरोखरच घेतला नाही. शालन म्हणाली, बसू दे रुसून. तिला तरी कुठे समजूत घालायची हौस होती! बाकीच्या सात रानांतून बॅरल दोन दिवसांत फिरून झाला.

चौथ्या दिवशी सकाळी शालनचा नवरा बळवंत रानातून धावतपळत आला. हा माणूस एरवी धावत नाही.

"आगं, सगळं लाल झालंय!"

"काय लाल झालंय?"

"बोलकी!"

शालन बांधावर गेली. शेंडा न् शेंडा लाल. शेजारच्या लताक्काचं रान लाल, त्याच्या खालचं लाल. काढणीला अजून दोन महिने होते. वेल उपटून पाहिला तर शेंगा कुठल्या, आऱ्यांची टोकं नुकती कुठे मातीत रुतली होती.

"तांबेरा हाय ह्यो," लताक्का रडवेली होऊन म्हणाली. "सगळं पीक गेलं गं शालन!"

तांबेरा म्हणजे भुईमुगाचा जुना वैरी, पानांवर तांबूस पुरळ उठवणारा रोग. पण पुरळ तर कुठेच नव्हतं. बळवंतने मोबाइल पानासमोर धरला. ‘शेतसखा’ने क्षणभर विचार केला आणि गोड आवाजात सांगितलं, "अभिनंदन! आपलं पीक काढणीस तयार आहे. सुगीच्या हार्दिक शुभेच्छा!"

"ह्येच्या आयला," बळवंत म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला.

दुपारपर्यंत समितीचा निरोप आला. वाणाने चुकीचा संकेत दिला आहे, गुरुवारी पाहणी होईल, कारण सापडलं नाही तर पीक नष्ट करावं लागेल. भरपाई मिळाली असती. पण भरपाईच्या शेंगा भाजता येत नाहीत, आणि बोलकी तर कायमचीच बाद झाली असती. प्रणोती संध्याकाळच्या बसने येऊन थडकली. तिचं तोंड बघून शालनला भडभडून आलं. खरं तर सकाळी लाल शेंडे बघताना तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला होता की, बघा, पानाला कळत न्हाई ते हाताला कळतं. आता तिला त्याची लाज वाटली.

"जनुकात दोष नाही आई. केंद्रातलं पीक हिरवं आहे. मग इथेच काय झालं?"

"चल, टेकाडावर जाऊ," शालन म्हणाली. "वरनं सगळं दिसतंय."

वर गेल्यावर खरंच सगळं दिसलं. सात रानं लाल आणि एक हिरवंगार. ते केरबाचं होतं. तो बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता, "ज्याची शेती त्याला कळती! माज्या रानाला रोग शिवत न्हाई."

प्रणोतीने बोटांवर मोजायला घेतलं. "बियाणं एकाच पोत्यातलं. पेरणी एकाच दिवशी. जिप्सम त्यानेही टाकलं. पाणी तेच. मग त्याने वेगळं काय केलं?"

"केलं कुठं काय? त्यानं बॅरलसुदीक घेतला न्हाई, रुसून बसलाय."

"कसला बॅरल?"

शालन लेकीकडे बघतच राहिली.

"कसला बॅरल म्हनतीस? लहानपणी त्या बॅरलात बसून फिरवा म्हनून तूच रडायचीस न्हवं? एकदा बसवलं तर वकलीस, आणि वर पुन्हा बसवा म्हनून रडलीस!"

प्रणोतीचा हात तोंडावर गेला. केंद्रात वाफ्यांवरून यंत्राची गाडी अधांतरी फिरायची. पिकाला कुणाचं बोटसुद्धा लागत नसे. आईने बॅरलचं सांगितलं नाही, कारण जेवताना हात धुतो हे कुणी सांगतं का? आणि लेकीने विचारलं नाही, कारण ती विसरली होती.

"आई," ती म्हणाली, "शेंगेचं टरफल म्हणजे तरी काय? आरीच्या टोकाचीच वाढलेली साल. म्हणजे रेटा ओळखणारं जनुक त्या टोकातही आहे. बॅरलने एकाच वेळी सगळ्या आऱ्या मातीत दाबल्या. झाडाला वाटलं, सगळ्या शेंगा एकदम भरल्या!"

"म्हंजे बोलकी खोटारडी न्हाई?"

"नाही गं. आपण तिला चिमटा काढला आणि ती ओरडली."

दोघी टेकाडावर इतक्या हसल्या की खालून बळवंतने काय झालं म्हणून हात केला. मग प्रणोती गंभीर झाली. नुसतं सांगून समिती ऐकणार नव्हती. ज्या रानात बॅरल फिरला नाही, त्या रानात समितीच्या डोळ्यांदेखत तो फिरवून दाखवायला हवा. आणि असं रान वाडीत एकच होतं.

"चल," शालन म्हणाली. "मी येतो केरबाभावजींकडं. चहा पिऊन यीऊ."

या वर्षी ती त्या घराची पायरी पहिल्यांदाच चढत होती. पुढच्या सोप्यात केरबाची बायको रंजना खाटेवर बसली होती आणि तिचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

"आगं बया! ह्ये कधी झालं?"

"झालं की पंधरवडा," रंजना म्हणाली. "शेवाळावरनं घसरलो. दर खेपेला दवाखान्यात न्यायचं म्हंजे ह्यांचा दिवस मोडतोय. ह्यांना वाटलं हुतं, बॅरल पयल्या दिवशी मिळाला असता तर बरं. म्हनलं, शालनक्का चहाला येतील तवा सांगू." आणि जरा थांबून म्हणाली, "तुमी आलाच न्हाई."

जाऊ वीस पावलांवर पाय मोडून पडली होती आणि तिला पत्ता नव्हता. तिने रंजनाचा हात धरला आणि म्हणाली, "चुकलं माजं." केरबा दारात उभा होता. त्याने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

प्रणोतीने त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा पडत गेला.

"म्हंजे माजी शेती चांगली न्हवती? माजा रुसवा चांगला हुता?"

"केरबाकाका, तुमच्या रुसव्यानेच वाडी वाचतेय," प्रणोती म्हणाली. "तुम्हीही बॅरल घेतला असता तर कारण आम्हाला कधीच सापडलं नसतं."

केरबाने मिशीवरून हात फिरवला. हे त्याला बरं वाटलं.

"पर माजंबी रान लाल हुणार. आणि त्येंना न्हाई पटलं तर माजंबी उपटतील. आत्ता तेवढं एकच वाचायची आशा हाय."

तो म्हणत होता ते खरं होतं. शालनने समोरचा कप उचलला, चहा संपवला आणि म्हणाली, "भावजी, मी जबरदस्ती करनार न्हाई. तुमी न्हाई म्हनलात तरी उद्यापास्नं रंजनाला दवाखान्यात न्यायला आमच्या घरातलं मानूस यील."

केरबाने दारात आलेली कोंबडी हुसकावली. मग म्हणाला, "वैनी, दोरी नवी बांधा बॅरलला. जुनी तुटती."

गुरुवारी उघडीप होती. समितीच्या डॉ. सोवनी आल्या. पिकलेले केस, पायात गमबूट, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. त्यांनी सात लाल रानं पाहिली, एक हिरवं पाहिलं आणि प्रणोतीचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"ऐकायला छान आहे," त्या म्हणाल्या. "पण बॅरल मी फिरवणार. आणि कुठे फिरवायचा तेही मीच ठरवणार."

त्यांनी दोरी खांद्यावर घेतली. पहिली काही पावलं सरळ गेली. मग बॅरलने ऐकेनासं केलं. बाई डावीकडे, बॅरल उजवीकडे, असं करत करत त्यांनी केरबाच्या रानातून असा काही नागमोडी पट्टा काढला की लताक्काने पदराने तोंड झाकून घेतलं. केरबाला मात्र राहवलं नाही.

"बाई, मागं बघून ओढू नका! म्होरं बघा!"

"मला शिकवू नका," बाई धापा टाकत म्हणाल्या, आणि पुढे बघून ओढू लागल्या.

मुक्कामाला त्या शालनकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही. प्रणोतीला जेवण गेलं नाही. शालन उगाच चारचारदा रानात जाऊन येत होती, आणि केरबा तर बांधावरून हललाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचीच आरोळी आली. त्याच्या हिरव्या रानात लाल पट्टा उमटला होता. जिथे बाई डावीकडे गेल्या होत्या तिथे तो डावीकडे गेला होता, जिथे त्या घसरून बॅरलला टेकल्या होत्या तिथे तो चांगला रुंद झाला होता. बाकीचं रान हिरवंगार होतं.

डॉ. सोवनींनी तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"इतकी वाकडी रेघ माझ्याशिवाय कुणाची असणार नाही," त्या म्हणाल्या. "पीक राहू द्या. पण खरी परीक्षा काढणीला. हा रंग गेला पाहिजे, आणि दाणे भरल्यावर परत आला पाहिजे."

रंग गेला. आऱ्या मातीत रुळल्या, दाब सरला, निरोप थांबला. शेंड्याला नवी हिरवी पानं फुटली आणि लाल पानं त्यांच्याखाली विटून गेली. प्रणोतीने वाणाच्या माहितीत भर घातली की, बॅरल खुशाल फिरवावा, मात्र त्यानंतर काही दिवस बोलकीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.

आणि नवरात्राच्या तोंडावर एका सकाळी वाडी उठली तर आठही रानं लाल. एकाच दिवशी पेरलेली, एकाच वाणाची. एकाच दिवशी पिकली. ‘शेतसखा’ने आठ घरांत आठ वेळा अभिनंदन केलं. पण सावड तर एकच होती, आणि आधी कुणाचं हा प्रश्न होता तिथेच होता.

सगळे शालनच्या सोप्यात जमले. कुणीतरी म्हणालं, ‘शेतसखा’ला चिठ्ठ्या टाकायला सांगू.

"त्या मशीनला इचारायचं न्हाई," केरबाने बजावलं. "वैनी, उठा."

शालन उठली. तिने पदर खोचला आणि प्रणोतीला बरोबर घेतलं. पहिल्याच रानात तिने वेल उपटला.

"आई, शेंडा लाल झालाय की! उपटतेस कशाला?"

"सवय गं." तिने शेंग फोडली. टरफल आतून काळपट, दाणे टपोरे, गुलाबी. तिने ते लेकीच्या तळहातावर ठेवले. "बोलकी खरं बोलती. खा."

प्रणोतीने कच्चे दाणे तोंडात टाकले आणि तिचे डोळे भरून आले. मग दोघी घरोघरी गेल्या. एका घरी सुनेचं डोहाळजेवण होतं. एका घरी मुलाची रजा संपत आली होती. लताक्काकडे पोती ठेवायच्या खोलीचं छप्पर गळत होतं, आणि तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रंजना काठी न घेता चुलीपर्यंत चालून आली आणि तिने स्वतःच्या हाताने चहा केला. आठव्या घरी प्रणोतीने पोटावर हात ठेवला.

"आई, आता बास. जळजळतंय."

"पी गुमान. पान पिकल्याचं सांगतंय. कुनाचं अडलंय, ते पान सांगतंय व्हय?"

दुपारी शालनने निकाल सांगितला. आधी लताक्काचं, म्हणजे शेंगा वाळवून पावसाआधी दुसरीकडे हलवता येतील. मग डोहाळजेवणाचं घर, मग रजा संपणाऱ्या मुलाचं. असं करत करत ती शेवटच्या नावावर आली आणि जरा अडखळली.

"केरबाभावजी, तुमचं रान शेवटाला."

सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं. बळवंतने हळूच निळा बॅरल पायाने बाजूला सरकवला, न जाणो.

"चालतंय की," केरबा म्हणाला. "येऊन इचारलं न्हवं मला?"

आणि त्याने कोपऱ्यातल्या शेंगा भरायच्या पाट्या उचलल्या आणि सगळ्यांच्या आधी लताक्काच्या रानाकडे निघाला.